मोडण्यासाठी बांधलेलं गाव

राक्षस नळापाशी उभा होता, पण त्याला नळ उघडता येत नव्हता.

नात्सुए बादली घेऊन स्टुडिओच्या मागच्या आवारात आली, तेव्हा तिला आधी नुसती शेपटी दिसली. पाच हात लांब, रबराची, चिखलात लोळत पडलेली. मग पाठीवरचे पर, मग बेडकासारखी फुगीर मान, आणि तोंडाच्या दोन बाजूंना लोंबणाऱ्या मिशा. एकेका हाताला तीन तीन नखं, गाजराएवढी. त्या नखांत नळाची चावी काही सापडत नव्हती. वरून रिपरिप पाऊस चालला होता, आणि राक्षस गयावया केल्यासारखा नळापुढे वाकत होता.

“कोण आहे?” राक्षसाच्या गळ्यातून आवाज आला. “कुणीतरी आहे ना? बादली वाजली.”

“आहे.”

“बाई, देव तुमचं भलं करो. पाठीला चेन आहे. तिसऱ्या पराखाली. तेवढी ओढता?”

“तुम्हाला आत घालणारी माणसं कुठं गेली?”

“जेवायला.”

“तुम्हाला विसरून?”

“विसरले नसतील. मी राक्षस आहे हे त्यांनी फारच मनावर घेतलंय. राक्षसाला कसली आलीय भूक!”

नात्सुएला हसू आलं. तिनं बादली खाली ठेवली आणि तिसऱ्या पराखाली हात घातला. चेन पावसानं अडकून बसली होती. प्लास्टरच्या साच्याला आतून चोळायचा साबण तिच्या खिशात नेहमी असायचा. तो तिनं चेनीवर घासला, एक पाय शेपटीवर रोवला आणि दोन्ही हातांनी ओढलं. चर्र... करून पाठ उघडली. आतून भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ आली आणि वाफेमागून एक माणूस. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. त्यानं आधी एका पायातला रबरी पंजा काढून उलटा केला. त्यातून भांडंभर घाम सांडला.

“हा सकाळचा,” तो म्हणाला. “दुपारचा दुसऱ्या पायात आहे.”

मग नळाखाली डोकं घालून तो पाणी प्यायला, किती वेळ. नात्सुएनं जायला हवं होतं. आत प्लास्टर कालवायचं होतं. ती गेली नाही.

“मी कुराता तेइजी,” तो तोंड पुसत म्हणाला. “आतला.”

“मी होंजो नात्सुए. घरं बांधते.”

“कुठली घरं?”

“तुम्ही मोडता ती.”

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. तिच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड होती, आणि तिचे हात... एवढा वेळ ती साबणाची वडी या हातातून त्या हातात करत होती.

“म्हणजे आपलं वैर आहे,” तो म्हणाला.

“आहेच. वर्षभर मी बांधते, तुम्ही एका दमात पायाखाली घालता. मी म्हटलं होतं, कधी भेटला हा माणूस तर चांगलं सुनावीन.”

“सुनावा की.”

“चेन लावू का परत?”

ते साल एकोणीसशे सत्तर, महिना जून. टोकियोच्या पश्चिमेला तामा नदीच्या काठी त्या छोट्या कंपनीचा पत्र्याचा स्टुडिओ होता. वर्षाला दोन राक्षस निघायचे, एक उन्हाळ्याच्या सुट्टीला आणि एक नव्या वर्षाला. यंदाच्या राक्षसाचं नाव नामाझोरा. जमिनीच्या पोटात एक मोठा मिशाळ मासा झोपलेला असतो आणि तो कूस बदलतो तेव्हा भूकंप होतो, असं म्हातारी माणसं सांगत. तोच मासा बॉम्बच्या धक्क्यानं जागा होऊन गावावर चालून येतो, अशी गोष्ट. खरं तर नामाझोरा हा गेल्या खेपेचा बेडूक होता. नवं कातडं शिवणं परवडत नव्हतं, म्हणून बेडकालाच बागेतल्या रबरी नळीच्या मिशा लावल्या, मागं शेपटी जोडली, आणि झाला मासा. विमानं मासे धरायच्या दोऱ्याला टांगलेली. रणगाडे खेळण्याच्या दुकानातले. मागच्या सिनेमात एका रणगाड्याची किल्ली पाठीवर तशीच राहिली होती आणि ती पडद्यावर स्वच्छ दिसायची. पोरं थिएटरात “किल्ली! किल्ली!” म्हणून ओरडायची, पोट धरून हसायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभी राहायची. आता याला काय म्हणावं? प्रेमच म्हणावं.

आतल्या माणसाला मात्र यातलं काही दिसत नाही. राक्षसाचे डोळे वर, विजेच्या दिव्यांचे. माणसाचं डोकं राक्षसाच्या गळ्यात. तिथं दाभणानं पाडलेली सात भोकं. त्यातून पायापुढची तीन हात जमीन दिसते, आणि तीही धुरकट. आणि दारूगोळ्याचे बार उडू लागले की ऐकूही काहीच येत नाही. दर शॉटला गाव एकच, फिल्म मोजकी, म्हणून शॉट पहिल्या फटक्यात जमला पाहिजे. यासाठी त्या लोकांची एक रीत होती. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी घरं बांधणाऱ्यानं आतल्या माणसाला गावातून अनवाणी चालवायचं, त्यानं डोळे मिटायचे आणि पावलं मोजायची. कितव्या पावलाला वळायचं, कितव्याला पडायचं, कुठलं घर कच्चं आणि कुठलं पक्कं. कच्च्या घराचे खांब आतून पाऊण भाग करवतीनं चिरलेले असतात, भिंती प्लास्टरच्या, छपराला तांदळाच्या पापुद्र्याची कौलं. पाय पडला की भुगा. पक्क्या घरात अख्खं लाकूड असतं, त्यावर तारा आणि दिवे तोललेले. त्याला अंग लावायचं नाही. या सगळ्याला ते ‘गाव पाठ करणं’ म्हणत.

हे काम घरबांधणीचे मुख्य असलेल्या ओनोदा मास्तरांचं. पण मास्तरांचे गुडघे पावसानं धरले होते.

“नात्सुए, तू ने त्याला,” ते म्हणाले. “आणि पडू देऊ नकोस. दोन आठवड्यांचं काम आहे.”

“त्याला की गावाला, मास्तर?”

“गावाला गं! तो काय, पडण्यासाठीच आहे.”

तिनं तेइजीचं कोपर धरलं. गाव बारा पावलांचं होतं, घरं गुडघ्याएवढी. गल्ल्या इतक्या अरुंद की दोघांना एकामागं एक, एकमेकांच्या श्वासाएवढ्या अंतरानं चालावं लागे.

“पाच... सहा... डावीकडे पोस्ट ऑफिस. कच्चं.”

“आत कुणी आहे?”

“नाही. सगळे तुमच्या भीतीनं पळाले.”

“तुम्ही नाही पळालात.”

“मला थांबायचा पगार मिळतो. सात. डोळे उघडू नका.”

“उघडले नाहीत.”

“पापणी हलली.”

“म्हणजे तुम्ही बघत होतात...”

आठवं पाऊल मोजायचं राहूनच गेलं. नवव्या पावलाला तेइजी थांबला, त्यानं खरोखर डोळे उघडले आणि तो खाली बसला. कोपऱ्यावरच्या घराच्या उंबऱ्यात लाकडी खडावांचा एक जोड होता. कलिंगडाच्या बीएवढा.

“हे कॅमेऱ्याला दिसतं?”

“नाही.”

“मग कशाला केलंत?”

“दारात खडावा नसतील तर ते घर कसलं? खोकं ते.”

“सांगून थकलो मी हिला!” मागून ओनोदा मास्तर ओरडले. “दिसत नाही ते करू नकोस म्हणून! जिथं तिथं खडावा!”

तेइजीनं शेजारच्या दारात वाकून बघितलं, मग त्याच्या पलीकडच्या. “पण सगळीकडे एकच जोड आहे,” तो म्हणाला. “तुमच्या गावात सगळी माणसं एकटीच राहतात वाटतं?”

“दुसरा जोड करायला वेळ कुठं असतो?” नात्सुए म्हणाली, आणि तिचे कान उगाचच तापले.

वर, छपराखालच्या फळीवर, गेनपाची नावाचे आजोबा बसलेले असत. शेपटीची पोलादी तार त्यांच्या हातात. शेपटी हलवायची तीच आणि आतल्या माणसाशी बोलायचीही तीच. एक झटका म्हणजे चाल. दोन झटके म्हणजे थांब, पाय आहे तिथं ठेव. तीन म्हणजे पळ, तुला आग लागलीय.

“तीन कधी दिलेत, आजोबा?” नात्सुएनं खालून विचारलं.

“दोन वेळा. दोन्ही वेळा हाच होता आत,” आजोबा म्हणाले. “दोन्ही वेळा बाहेर येऊन मला म्हणाला, तार हळू ओढा, शेपटी तुटेल. असला येडा.”

त्या पावसाळी महिन्यात दोन गावं मोडली. दर वेळी आदल्या दिवशी ती त्याला गावातून चालवायची, दर वेळी तो नवव्या पावलाला थांबायचा. शॉट झाला, कातडं उतरलं की तो भुग्यात फतकल मारून बसायचा आणि पंजाचा तळवा नखानं खरवडून काहीतरी खिशात टाकायचा. प्लास्टर असेल, असं तिला वाटायचं. दुपारी जेवायला तो आता तिच्या कार्यशाळेत यायचा. भाताचे गोळे, खारवलेलं आलुबुखार, जवाचा गार चहा. दमट हवेनं प्लास्टर वाळत नव्हतं आणि पापुद्र्याची कौलं मऊ पडत होती. ती कौलं ती कोळशाच्या शेगडीवर शेकत बसे, आणि तो एकेक उचलून तोंडात टाकी.

“ते शाळेचं छप्पर आहे!”

“म्हणूनच. शाळेनं मला कधी काही दिलं नाही.”

अशा वेळी नात्सुए हसायची, आणि हसता हसता तिला कसंतरीच व्हायचं. हाताला काम असलं की जीव थाऱ्यावर राहतो म्हणतात. तिचं उलटं झालं होतं. हात चालत होते आणि जीव दाराकडे होता. पावलं वाजली की ती करवत खाली ठेवायची, पावलं दुसऱ्याची निघाली की पुन्हा उचलायची. एका दिवसात तिनं एकाच खिडकीला तीनदा काचा बसवल्या.

मग बातमी आली. नामाझोरा हा शेवटचा राक्षस. लोक घरी बसून टीव्ही बघत होते, कंपनीला सिनेमे झेपत नव्हते, आणि हा पत्र्याचा स्टुडिओ पाडून तिथं गोल चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायचा खेळ येणार होता. म्हणजे मोडायचंच काम, पण बांधणारा कुणी नको. ओनोदा मास्तर भावाच्या सुतारकामात जाणार होते. नात्सुएला एका बाहुल्यांच्या कारखान्यानं बोलावलं होतं. आणि तेइजी? ते तिला गेनपाची आजोबांकडून कळलं.

“हाकाताला चाललाय. मोठ्या दुकानाच्या गच्चीवर राक्षसाचे खेळ करायला. तुला बोलला नाही?”

“मला कशाला बोलेल?” ती म्हणाली, आणि हातातली कानस दोनदा खाली पडली.

दुसऱ्या दिवशी तिनं शेगडीवरून नजर न उचलता विचारलं, “हाकाताला जाताय म्हणे.”

“हं... गच्चीवर. दिवसाला तीन खेळ. नंतर पोरांशी हात मिळवायचे.”

“केव्हा?”

“सोमवारी शेवटचा शॉट. मंगळवारी गाडी.”

“बरं आहे.”

“बरं आहे...” तोही म्हणाला.

पत्र्यावर पाऊस ताड ताड वाजत होता. तो काहीतरी बोलणार असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा त्यानं कौलच खाल्लं.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. नात्सुएला कळत होतं की मंगळवारची गाडी एकदा सुटली की संपलं. हाकाता म्हणजे देशाचं दुसरं टोक. त्याला सांगायचं तर गाडीच्या आधीच. पण कसं? तोंडानं सांगायचं म्हटलं की तिची जीभ प्लास्टरसारखी व्हायची, कालवून ठेवलेली आणि जागेवरच घट्ट झालेली. तोंडापेक्षा तिचे हात जास्त बोलके होते. म्हणून शनिवारी तिनं हातांना बोलू दिलं.

शेवटच्या गावासाठी तिनं कोपऱ्यावरचं घर नव्यानं बांधलं. गच्चीत वाळत घातलेल्या दोन चादरी. खिडकीत कुंडी. उंबऱ्यात खडावांचे जोड दोन, एक मोठा, एक लहान, एकमेकांना टेकून. आणि दारावर नावाची पाटी. भाताच्या शितावर लिहितात तशा एका केसाच्या कुंचल्यानं तिनं त्या पाटीवर लिहिलं... कुराता. त्याखाली दोन नावं, तेइजी आणि नात्सुए. लिहून झाल्यावर ती पंधरा मिनिटं नुसती कार्यशाळेत येरझारा घालत राहिली.

मग खांब चिरायला तिनं करवत उचलली. पात्याचे दात पहिल्या खांबाला लागले, आणि तिला ते जमेना. हजारो खांब चिरले होते तिनं. हा एक चिरवेना.

राहू दे, तिनं मनाशी म्हटलं. उद्या रविवारी तो गाव पाठ करायला येईल. नवव्या पावलाला थांबेल, वाकेल, वाचेल. त्याचं तोंड मला बघता येईल. मग हे घर उचलून घेईन आणि इथं दुसरं कच्चं ठेवीन. सोमवारी मोड म्हणावं काय मोडायचं ते.

नवव्या पावलाला ते घर ठेवून ती गेली.

रविवारी नऊ वाजता, ठरल्याप्रमाणे, ती छत्री मिटत फाटकातून आली तर चित्रीकरणाच्या दारावरचा तांबडा दिवा लागलेला. तिला वाटलं, चुकून लागला असेल. बाहेर ओनोदा मास्तर पायरीवर बसून गुडघे चोळत होते.

“कुठं होतीस? तुझ्या खोलीमालकिणीकडे फोन केला, कुणी उचलेना! दिवेवाले उद्या सकाळीच दिवे परत नेणार. सेनदासाहेब म्हणाले, आजच उरका.”

“पण... गाव पाठ करायचं?”

“तेच तर बारा पावलांचं गाव. त्याला झोपेत येतं. नवव्यावर आडवं पडायचं, की संपला सिनेमा.”

आडवं पडायचं. साठ किलोंच्या कातड्यासकट, पोटावर, पूर्ण भारानं. आणि खाली सागाचे चार अख्खे खांब, सुळासारखे उभे.

ती दार ढकलून आत शिरली. आत धूर, प्रकाश आणि कल्लोळ. तीन कॅमेरे तिपटीच्या वेगानं करकरत होते. तसे पळवले तरच पडद्यावर सगळं संथ आणि अजस्र दिसतं. म्हणून प्रत्यक्षात नामाझोरा, बिचारा, गाडी चुकलेल्या कारकुनासारखा लगबगीनं चालत होता. चार... पाच... रणगाडे त्याच्या पायाखाली गेले. दारूचे बार उडत होते.

“थांबवा!” ती ओरडली. “मास्तर! साहेब! घर पक्कं आहे!”

तिचं तिलाच ऐकू आलं नाही. गळ्यात टॉवेल टाकलेले दिग्दर्शक सेनदासाहेब तिच्याकडे पाठ करून हात हलवत होते. सहा. तिनं छत्री फेकली आणि शिडीकडे धाव घेतली.

“आजोबा, तार! तार द्या!”

“अगं, शॉट चालू आहे—”

सात. आठ. आजोबांच्या हातांत कातडी मोजे होते, तिचे हात उघडे. तिनं तार धरली आणि अंगातलं सगळं बळ एकवटून ओढली. एकदा. दोनदा.

नामाझोराची शेपटी कमानीसारखी उंच उठली. आणि नवव्या पावलावर, एक पाय हवेत, राक्षस थांबला.

तसाच थांबला. बार वाजायचे संपले. धूर पांगू लागला. कॅमेरे करकरत होते आणि सेनदासाहेबांचं तोंड उघडं पडलं होतं. एका पायावर डुगडुगत राक्षस हळूच वाकला. सात भोकांतून त्याला तीन हात जमीन दिसत होती. त्या तीन हातांत एक घर होतं. त्यानं मान तिरकी केली. एक मिशी सुटली आणि त्या घराच्या छपरावर अलगद पडली.

नात्सुए तार घट्ट धरून उभी होती. वाच, ती म्हणत होती. वाच ना रे!

राक्षसानं हवेतला पाय मागं घेतला. मग त्या घराला वळसा घालून, अंग चोरून, शेजाऱ्याच्या बागेवरून जावं तसा तो पलीकडे गेला, आणि अकराव्या पावलाला तांदळाच्या कोठारावर धाडकन पडून मेला.

फिल्म संपून कॅमेरे आपोआप थांबले.

“हा राक्षस आहे की जावई?” सेनदासाहेबांना अखेर वाचा फुटली. “घर न्याहाळतोय! स्थळ बघायला आला होता काय? आणि शेपटी... शेपटी कुणी उचलली?”

“मी,” वरून नात्सुए म्हणाली. “तिथं पक्कं घर होतं. मीच ठेवलं. चूक माझी.”

ओनोदा मास्तर लंगडत पुढं आले. त्यांनी त्या घराच्या छपरात बोट घालून खांब चाचपला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी पाटी वाचली.

“साहेब,” ते म्हणाले, “ही नसती तर आज पोराच्या पोटात खांब गेला असता. आहे तेच ठेवा आता. फिल्म कुठं आहे दुसऱ्यांदा घ्यायला?”

“प्रेक्षक हसतील!”

“आजवर काय रडत होते?”

नात्सुए शिडी उतरली. राक्षस अजून कोठारावर पालथा होता. माणसं सेनदासाहेबांभोवती गोळा झाली होती. त्याला पुन्हा सगळे विसरले होते. ती त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. तिसऱ्या पराखाली हात घातला. साबण घासला. चेन चर्र करून उघडली.

वाफेतून तेइजीचं डोकं वर आलं. तो तिच्याकडे बघत राहिला.

“घर पक्कं का बांधलंत?” त्यानं विचारलं.

तिनं काय काय ठरवलं होतं बोलायचं. एकही शब्द जागेवर नव्हता.

“मोडायचं नव्हतं... म्हणून.”

डावा हात पंजातून सोडवून, कातड्याच्या आत कुठंतरी चाचपून त्यानं तंबाखूची एक चपटी डबी काढली आणि तिच्या मांडीवर उघडली. आत खडावा होत्या. कलिंगडाच्या बीएवढ्या, सुट्या, चेपलेल्या, काही अर्ध्या. एकूण नऊ.

“तळव्याला चिकटून यायच्या,” तो म्हणाला. “तू म्हणालीस, दुसरा जोड करायला वेळ नसतो. म्हटलं, आपण गोळा करावा.”

“आणि हे सांगायला तुला तोंड नव्हतं? कौलं खायला बरं होतं!”

“रोज सांगत होतो.”

“कुणाला?”

“तुलाच. याच्या आतून. चालताना, पडताना, तुझं नाव घेऊन. रबर जाड, वर बारांचा आवाज, त्याला मी काय करू?”

नात्सुए हसली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि भुवयांवरची पूड गालावर ओघळली. ते पुसायला तेइजीनं उजवा हात उचलला, पण त्याला अजून नखं होती. त्यानं तो हात तसाच मागं नेला.

“हाकाताच्या लोकांनी विचारलं होतं,” तो खाली बघत म्हणाला. “कातडं फाटलं तर शिवायला, चेन उघडायला कुणी आहे का. मी... आहे म्हणून सांगितलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. आतून.”

“आता बाहेरून विचार.”

त्यानं विचारलं. ती काय म्हणाली ते सेनदासाहेबांच्या आरडाओरड्यात कुणालाच ऐकू आलं नाही. पण गेनपाची आजोबा वरून बघत होते, आणि त्यांनी नामाझोराची शेपटी एकदा हळूच हलवली. एक झटका. चाल.

मंगळवारच्या गाडीनं तो एकटाच गेला. ती गेली आईला भेटून, बाहुल्यांच्या कारखान्याला नाही म्हणून, आठ दिवसांनी. सोबत ते घर होतं, कापडात गुंडाळून मांडीवर घेतलेलं.

ऑगस्टमध्ये सिनेमा हाकाताला लागला. दुपारच्या दोन खेळांमधल्या वेळात दोघं मागच्या रांगेत जाऊन बसली. पोरं रणगाड्यांवर “किल्ली! किल्ली!” ओरडली. दोरे दिसले तेव्हाही ओरडली. मग शेवटचं गाव आलं.

पडद्यावर सगळं तिपटीनं संथ झालं होतं. राक्षसाची शेपटी एखाद्या उसाशासारखी वर उठली. एक पाय हवेत राहिला, राहिला, राहिलाच. राक्षस वाकला. मिशी तरंगत खाली आली. पोरं गप्प झाली. एवढं मोठं धूड एका गुडघ्याएवढ्या घरापुढं थांबलं होतं आणि त्याला ते ओलांडवत नव्हतं.

“हा का नाही मोडत?” पुढच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं.

“अगं, ओळखीचं कुणी राहत असेल तिथं,” तिची आजी म्हणाली.

तेइजीनं अंधारात नात्सुएकडे बघितलं. तिचा हात त्याच्या हातात होता. तळव्यावर तारेचा वळ अजून तांबूस होता, आणि कितीतरी महिन्यांनी तो हात काहीच करत नव्हता.